ऊन गच्चीवर, आपण ओट्याशी

थंडी पडली की ‘सकाळच्या कोवळ्या उन्हात बसा, ड जीवनसत्त्व मिळतं’ असा सल्ला घरोघरी ऐकू येतो. सल्ला मायेचा, पण पुरता खरा नाही. आपल्या कातडीत हे जीवनसत्त्व तयार होतं ते सूर्याच्या अतिनील किरणांमुळे. सूर्य खाली असताना त्यातले कामाचे किरण फारच कमी पोचतात. ओळखायची खूण सोपी आहे. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडली, की ऊन उपयोगाचं. डिसेंबरात पुण्यात अशी सावली पडते साधारण साडेअकरा ते दीड या वेळात.

आता मैत्रिणींनो, या वेळात आपण कुठे असतो? कुणी ओट्याशी, कुणी कचेरीत, तर धुण्याभांड्याला जाणारी दुसऱ्याच्या मोरीत. बाहेर पडलो तरी दुचाकीवर स्कार्फ, सनकोट, हातमोजे! धूर आणि काळवंडण्याची धास्ती, दुसरं काय. खिडकीच्या बंद काचेतून ऊब येते, पण हे किरण काच अडवते.

पुण्याच्या जहांगीर हॉस्पिटलच्या संशोधन संस्थेतल्या डॉ. अनुराधा खाडिलकर आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. झोपडवस्तीतल्या लहानग्यांची तपासणी त्यात होती. पाळणाघरात जाऊन उन्हात खेळणाऱ्या मुलांपेक्षा घरातच राहणाऱ्यांमध्ये ड जीवनसत्त्वाची कमतरता कितीतरी जास्त निघाली. शहर तेच, सूर्य तोच!

वस्तीत काम करताना हेच दिसतं. एका खोलीचं घर, दाराला दार लागलेलं, ऊन शिरणार कुठून? फ्लॅटमध्ये तरी काय वेगळं? वाडे गेले, अंगणं गेली, आणि गच्चीला कुलूप. तालुक्याच्या गावातही आता हेच सुरू झालंय. मग कंबर दुखते, पाय ओढतात, आणि घरचे म्हणतात, ‘बायकांचं हे चालायचंच.’

ताटातून भागेल म्हणावं, तर अंड्याचा बलक आणि बांगड्यासारखे मासे सोडले तर फार थोडं मिळतं. दूध घेताना पिशवीवर ‘प्लस एफ’ची खूण बघा, त्यात हे जीवनसत्त्व मुद्दाम घातलेलं असतं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये मोठ्या माणसाची गरज रोजची ६०० युनिट धरली आहे. औषधाच्या एका पुडीत ६०,००० युनिट असतात. तेव्हा शेजारणीची पुडी आपण घ्यायची नाही. अतिरेकाने रक्तात कॅल्शियम वाढतं, मूत्रपिंडांना इजा होते. डॉक्टर सांगतील तेवढीच घ्यावी.

बाकी उपाय बिनपैशाचा आहे, पण एकटीने जमणारा नाही. सोसायटीत गच्चीची किल्ली मागा. बचत गटाची, भिशीची बैठक साडेबाराला उन्हात घ्या. शेंगा सोला, भाजी निवडा, हातपाय उघडे ठेवा. सावळ्या कातडीला जरा जास्त वेळ लागतो, म्हणून आठवड्यातून तीन-चारदा अर्धा तास बसा. आणि ‘दुपारी उन्हात काय बसलीस?’ असं घरात कुणी विचारलंच, तर खुशाल सांगा, औषध घेतेय!