सही केल्यानंतरची पंधरा वर्षे

३१ डिसेंबरची रात्र आली की वसईत गल्लोगल्ली पोरे जुन्या कपड्यांत गवत कोंबून ‘म्हातारा’ तयार करतात आणि बारा वाजता पेटवून देतात. होळीच्या आमच्या घराच्या ओट्यावर बसून मी ही गंमत दरवर्षी पाहतो. मला या तारखेला मात्र दोनच गोष्टी आठवतात. एक म्हणजे नोकरीची सुरुवातीची वर्षे. त्या काळी बँकांचे ताळेबंद ३१ डिसेंबरला होत आणि आम्ही पहाटेपर्यंत खतावण्या जुळवीत बसत असू. दुसरी गोष्ट १८०२ सालच्या ३१ डिसेंबरची. त्या दिवशी दुसऱ्या बाजीरावाने इथे, वसईत, इंग्रजांशी तह केला.

गेल्या वर्षी नातू शाळेतून ‘पळपुटा बाजीराव’ शिकून आला आणि विचारू लागला, “आजोबा, तो पळाला नसता तर मराठ्यांचे राज्य राहिले असते का हो?” मी त्याला म्हटले, पळाला म्हणून राज्य जाते असे नाही रे. त्याच सुमाराला जर्मनीत एक राजा याच्याहून लांब पळाला होता.

आधी आपले घर पाहू. १८०१ साली बाजीरावाने विठोजी होळकराला हत्तीच्या पायी देऊन मारले. त्याचा भाऊ यशवंतराव चालून आला आणि २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, ऐन दिवाळीत, हडपसरजवळ पेशवे आणि शिंदे यांच्या फौजांचा पुरता मोड झाला. बाजीराव सिंहगड, महाड, सुवर्णदुर्ग करीत इंग्रजांच्या जहाजातून डिसेंबरच्या मध्यास वसईला पोचला. त्याच्या आजोबांच्या भावाने, चिमाजी अप्पांनी, हाच किल्ला १७३९ मध्ये किती माणसे खर्ची घालून घेतला होता! मधे फक्त त्रेसष्ट वर्षे गेली होती.

तहाचा कागद मी आमच्या जुन्या सवयीने वाचतो. मिळाले काय? कंपनीचे किमान सहा हजार पायदळ आणि तोफा. तारण काय? सालीना २६ लाख उत्पन्नाचा मुलूख. अटी? कंपनीला विचारल्याखेरीज दुसऱ्या कोणाशी बोलणी करायची नाहीत. निजाम आणि गायकवाड यांच्याशी असलेल्या तंट्यांत कंपनी सांगेल तो निवाडा मानायचा. सुरतेवरचा हक्क सोडायचा. थोडक्यात, कर्जदाराने दुसऱ्या बँकेत खाते उघडायचे नाही! अशा कागदांवर सह्या करणारी माणसे मी पाहिली आहेत. ती मूर्ख नसतात. दाराशी देणेकरी उभा असतो आणि कागद वाचण्याइतकी उसंत नसते, एवढेच.

आता तो जर्मन राजा. प्रशियाचा तिसरा फ्रेडरिक विल्यम बाजीरावाहून पाच वर्षांनी मोठा. बाजीराव १७९६ च्या डिसेंबरात पेशवा झाला, हा १७९७ मध्ये गादीवर आला. १८०६ च्या ऑक्टोबरात येना इथे नेपोलियनने त्याच्या सैन्याची एका दिवसात दाणादाण केली. राजा बायकामुलांसह पूर्वेला पार मेमेलपर्यंत गेला. पुढच्या जुलैत टिल्सिटचा तह झाला. बोलणी नदीतल्या तराफ्यावर सुरू झाली ती नेपोलियन आणि रशियाच्या झारमध्ये. पहिल्या दिवशी हा बिचारा काठावरच उभा. राणी लुइझाने नेपोलियनची भेट घेऊन रदबदली केली, तिचाही उपयोग झाला नाही. जवळजवळ निम्मे राज्य गेले, वर खंडणी बसली, आणि पुढच्या वर्षी बेचाळीस हजारांहून जास्त फौज ठेवायची नाही असे बंधन आले.

हा राजाही काही धीराचा पुरुष नव्हता. निर्णय घ्यायचा म्हटला की त्याला घाम फुटे. पण स्टाइन, हार्डेनबर्ग, शार्नहोर्स्ट अशी माणसे त्याच्या पदरी होती आणि त्यांना त्याने, कुरकुरत का होईना, काम करू दिले. तहाच्याच वर्षी शेतावर जखडलेल्या कुळांना मोकळे करण्याचा हुकूम निघाला. बर्लिनला १८१० मध्ये विद्यापीठ उघडले. शार्नहोर्स्टने माणसे थोडे दिवस शिकवून घरी पाठवायची आणि नवी बोलवायची, असे करीत फौजेचा आकडा न वाढवता शिपाई वाढवले. १८१३ मध्ये राजा पुन्हा लढायला उभा राहिला. (जिंकल्यावर त्याने प्रजेला राज्यघटना देण्याचे वचन दिले आणि पाळले नाही, हेही नातवाला सांगितले.)

आपल्याकडे नाना फडणीस १७९७ च्या अखेरीस कैदेत पडले ते बाजीरावाच्याच संमतीने. १८०० मध्ये ते वारले. पुढे जनरल वेलस्ली याने १८०३ च्या मे महिन्यात बाजीरावाला पुण्यात आणून पुन्हा गादीवर बसवले. तिथून १८१७ पर्यंत, म्हणजे तहापासून धरून पंधरा वर्षे, त्याला मिळाली. प्रशियाच्या राजाला मिळाली होती सहा. या पंधरा वर्षांत काय झाले? मामलती जास्त बोली लावणाऱ्याला मक्त्याने दिल्या गेल्या. मक्तेदाराने ती रक्कम रयतेकडून वसूल केली. खासगी खजिना भरत गेला, वाडे उठले. विश्रामबाग वाडा १८०७ चा, टिल्सिटच्या तहाच्याच वर्षाचा. नव्या फौजेचा विचार झाला तो अगदी शेवटी. नाही म्हणायला बापू गोखल्यांसारखा सेनापती होता. १८१८ च्या फेब्रुवारीत अष्टीच्या लढाईत तो पडला.

याच वेलस्लीने पुढे, १८ जून १८१५ रोजी, वॉटर्लूवर नेपोलियनचा पराभव केला, आणि त्या दिवशी त्याच्या मदतीला धावून आली ती प्रशियाची फौज. हे ऐकून नातू जरा गप्प झाला. मग म्हणाला, “म्हणजे तो राजा इंग्रजांचा भिडू झाला, आणि आपला?”

आपला ३ जून १८१८ रोजी माल्कमच्या स्वाधीन झाला. सालीना आठ लाख रुपये नेमणूक ठरली आणि गंगाकाठी ब्रह्मावर्त राहायला मिळाले. तिथे तो १८५१ च्या जानेवारीपर्यंत जगला. मी कागदावर हिशेब केला : अडीच कोटींच्या वर रक्कम होते. तो गेला आणि नेमणूक बंद झाली. दत्तकपुत्र नानासाहेबांनी ती चालू ठेवण्यासाठी अर्ज केला. अर्ज लंडनपर्यंत गेला आणि नामंजूर झाला.