जखमेचे नाव आणि दुभाष्याचे दायित्व

स्त्रीजननांगांच्या छेदनाची प्रथा हा वैद्यक, विधी व समाजशास्त्र यांच्या कक्षेतील विषय मानला जातो. भाषा आणि साहित्य यांच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालण्याचे प्रयोजन काय, अशी शंका कोणासही येईल. आमच्या मते हा प्रश्न जितका शस्त्राचा आहे तितकाच शब्दाचाही आहे, आणि निर्वासितांच्या बाबतीत तर तो प्रथम शब्दाचाच आहे.

१९९१ साली सोमालियातील शासनव्यवस्था कोसळली आणि लक्षावधी लोक देशोधडीला लागले. काही केनियातील दादाबच्या छावण्यांत राहिले, काही ब्रिटन, स्वीडन, अमेरिका येथे पोहोचले. काहींनी दिल्ली व हैदराबादेतही आसरा घेतला. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या आरोग्य पाहणीनुसार सोमालियातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ९९ टक्के स्त्रियांचे छेदन झालेले आहे. अशी स्त्री परक्या देशातील प्रसूतिगृहात जाते तेव्हा ती आणि डॉक्टर यांच्यामध्ये सामायिक भाषा नसते. मध्ये उभा असतो तो दुभाषी.

सोमाली भाषेत या प्रथेला ‘गुदनीन’ असे व्यापक नाव आहे. त्यातही दोन भेद लोक मानतात. कडा शिवून केवळ बारीक छिद्र ठेवणारा जो उग्र प्रकार, तो ‘फिरऔनी’. त्याहून सौम्य समजला जाणारा तो ‘सुन्ना’. आता परिचारिकेने विचारलेल्या प्रश्नातील शब्दाचे भाषांतर दुभाष्याने ‘फिरऔनी’ असे केले, तर माता निःशंकपणे उत्तर देईल, ‘आम्ही ते केव्हाच सोडले.’ तिने असत्य सांगितलेले नसते. परंतु तिच्या मुलीवर ‘सुन्ना’ होण्याची शक्यता नोंदीबाहेरच राहते. शिवाय ‘सुन्ना’ या शब्दाला धर्माचरणाचे वलय आहे. त्यामुळे कृतीचे केवळ सौम्यीकरण होत नाही, तिला पुण्याचीही जोड मिळते. एका शब्दाच्या निवडीवर प्रतिबंध आणि शुश्रूषा या दोहोंचे भवितव्य अवलंबून असते, ते असे.

शुश्रूषेचा प्रश्नही तितकाच नाजूक आहे. शिवलेला भाग प्रसूतीपूर्वी किंवा प्रसूतीच्या वेळी उघडावा, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली केली. ही शस्त्रक्रिया अवघड नाही. अवघड आहे ते तिच्याविषयी बोलणे. ज्या शब्दांत स्त्रीला आपला देह विद्रूप ठरल्याचे ऐकू येते, त्या शब्दांनी सुरू झालेली विचारपूस बहुधा तेथेच संपते आणि पुढच्या तपासणीस ती येत नाही.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. १९९० साली अदिस अबाबा येथे आफ्रिकी स्त्रियांच्याच व्यासपीठाने विच्छेदनाचा कठोर अर्थ असलेली संज्ञा स्वीकारली. शब्द मवाळ केला की कृत्यही मवाळ भासते, ही त्यांची भूमिका होती, आणि ती उपऱ्यांची नव्हती. तेव्हा सौम्य शब्दाचा आग्रह ही पांघरूण घालण्याची रीत तर नव्हे? आमचे उत्तर असे की, शब्दाचे औचित्य प्रसंगावर ठरते. विधिमंडळात व न्यायालयात कठोर संज्ञाच हवी, कारण तेथे कृत्याचे मूल्यमापन होत असते. रुग्णालयात मात्र स्त्रीचा स्वतःचा शब्द हवा, कारण तेथे मूल्यमापन तिचे व्हावयाचे नसते.

निर्वासित समाजाला विश्वासात घ्यावे, असे सर्वच म्हणतात. परंतु समाज म्हणजे कोण? १९५६ साली केनियातील मेरू भागात न्जुरी न्चेके या पुरुषांच्या मंडळाने, ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या प्रेरणेने, छेदनावर बंदी घातली. परिणाम असा झाला की अनेक मुलींनी एकत्र येऊन आपले छेदन आपणच करून घेतले. याउलट सेनेगलमधील मालिकूंदा बंबारा येथील स्त्रियांनी ‘तोस्तान’ संस्थेच्या वर्गांत आपल्या भाषेत आरोग्य व हक्क यांचा अभ्यास केला आणि १९९७ साली प्रथा सोडल्याचे स्वतःच जाहीर केले. सोयरीक अनेक गावांत होते, तेव्हा निर्णयही त्या सर्वांनी मिळून घ्यावा लागेल, हे ध्यानात आल्यावर १९९८ साली दियाबुगू येथे तेरा गावांनी एकत्र घोषणा केली. निर्वासितांची सोयरीक तर अनेक देशांत विखुरलेली असते. म्हणून एका शहरातील सभा पुरेशी नाही. नैरोबीतील आजीपर्यंत तो शब्द पोहोचला पाहिजे. सोमालीला अधिकृत लिपी मिळाली ती १९७२ साली. तिच्या मौखिक परंपरेत ‘बुरांबुर’ हा स्त्रियांचा खास काव्यप्रकार आहे. छापील पत्रकापेक्षा असे मुखोद्गत काव्य दूर जाईल, हे साहित्याच्या अभ्यासकास सांगावयास नको.

मराठी वाचकाला या वादात १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याचा प्रतिध्वनी ऐकू येईल. सुधारणा परकीय सत्तेने लादू नये, ती समाजातूनच यावी, या टिळकांच्या प्रतिपादनात तथ्य होते. परंतु त्या प्रतीक्षेची किंमत बालवधूंनी मोजली, हेही तितकेच खरे. म्हणून कायदा हवा आणि संवादही हवा. शिवाय हा विषय सर्वस्वी परका नाही. दाऊदी बोहरा समाजातील ‘खतना’ प्रथेविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मोठ्या पीठाकडे सोपविली. त्या वेळच्या चर्चेत ‘सुंता’ हा शब्द मुलींसाठीही वापरला गेला, तर दोन अतिशय भिन्न कृती एकाच नावाखाली येतात आणि घडलेली इजा झाकली जाते. ‘छेदन’ हा शब्द आम्हांस अधिक प्रामाणिक वाटतो. १९२७ पासून र. धों. कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून देहाविषयी स्पष्ट, निर्विकार मराठी लिहून दाखविली. तो वारसा येथे उपयोगी पडावा.

आपल्या विद्यापीठांतील भाषाविभाग अनुवादाचा विचार बहुतांशी ग्रंथांपुरता करतात. रुग्णशय्येजवळच्या दुभाष्याचे शिक्षण, निर्वासित स्त्रियांच्याच साहाय्याने तयार केलेले शब्दकोश, त्यांच्या मौखिक काव्याचे ध्वनिमुद्रण, ही कामेही त्याच विभागांची आहेत. त्यांत झालेली चूक पुढच्या आवृत्तीत दुरुस्त होत नाही. ती एखाद्या मुलीच्या देहावर कायम राहते.