‘जनावर आडवं आलं’ एवढ्यावर फाइल बंद होऊ नये

इंदूरच्या साउथ तुकोगंजात, नाथ मंदिराच्या आसपासच्या मराठी घरांतून दिवाळीत आणि मे महिन्याच्या सुट्टीत पुण्याला, जळगावला, नागपूरला गाड्या निघतात. डिकीत शेवेचे डबे, मागच्या सीटवर पेंगुळलेली पोरं आणि दारात उभ्या असलेल्या आजीची ठरलेली सूचना : ‘अंधार पडायच्या आत घाट पार करा.’ आजीच्या डोळ्यांसमोर असतो तो ट्रक, वळण आणि निकामी झालेला ब्रेक. गेल्या काही वर्षांत मात्र या रस्त्यांवरच्या चालकांना आणखी एका गोष्टीची धास्ती वाटते. दिव्यांच्या उजेडात अचानक उभी राहिलेली काळी म्हैस, दुभाजकाला टेकून रवंथ करणारी गाय, किंवा गव्हाच्या शेतातून उडी मारून डांबरावर आलेली नीलगाय.

अशा अपघातानंतर घरी जो फोन येतो, त्यातलं वाक्य ठरलेलं असतं : ‘जनावर आडवं आलं.’ या वाक्यात दोष कुणाचाच नसतो. गुरं मोकळी सोडणाऱ्या मालकाचा नाही, कुंपणाविना रस्ता बांधणाऱ्याचा नाही, भरधाव चालवणाऱ्याचाही नाही. वीज पडावी तसं जनावर आडवं येतं आणि प्रकरण संपतं. खरी अडचण इथेच आहे. ज्याला आपण नशीब म्हणून सोडून देतो, त्यावर उपाय कोण शोधणार?

सरकारी आकडेवारीनुसार 2022 मध्ये देशात 4,61,312 रस्ते अपघात झाले आणि 1,68,491 माणसं मेली. मध्य प्रदेशात त्या वर्षी 54,432 अपघात नोंदले गेले. यापेक्षा जास्त फक्त तमिळनाडूत. पण गायीला चुकवायला गेलेला मोटारसायकलवाला दुभाजकावर आदळून मेला, तर त्याची नोंद कशी होते? गाडी आदळली, गाडी उलटली. गाय तोवर उठून शेतात गेलेली असते. जखमी होऊन झुडपात शिरलेलं हरीण तर कुणाच्याच वहीत येत नाही. रस्ता कुठे सुधारायचा हे ठरवायला जी माहिती लागते, तीच नेमकी गळते.

आधी गुरांचं बोलू, कारण माळव्यात रस्त्यावर रोज गाठ पडते ती त्यांच्याशी. इंदूरने या बाबतीत एक गोष्ट करून दाखवली आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी रीगल चौराह्यापासून राजवाड्यापर्यंत कुठेही गायी ठिय्या देऊन बसलेल्या असायच्या. महापालिकेने शहरातले गुरांचे बाडे हटवले, मोकळी जनावरं उचलली, मालकांचा विरोध सोसला आणि काम तडीस नेलं. स्वच्छता सर्वेक्षणात शहर सलग आठ वेळा पहिलं आलं, त्यामागे कचऱ्याच्या गाड्यांइतकीच ही मोहीमही आहे. आज तुकोगंजात रात्री स्कूटर चालवणाऱ्याला भीती आहे ती मागे धावणाऱ्या कुत्र्यांची. गायीची उरलेली नाही.

शहराच्या वेशीबाहेर पडलं की चित्र बदलतं. पावसाळ्यात तर फारच. शेतात सोयाबीन उभं असतं, बांधावर तारा असतात, जमीन चिखलाची आणि माश्यांची. आजूबाजूला कोरडी जागा उरते ती डांबराची, म्हणून गुरं तिथे येऊन बसतात. ट्रॅक्टर आल्यावर बैलाचं काम गेलं, भाकड गाय पोसणं परवडेनासं झालं आणि विकायची वाटही राहिली नाही. 2019 च्या पशुगणनेत देशभरात 50 लाखांवर मोकाट गुरं मोजली गेली. त्यांतली साडेआठ लाखांच्या आसपास एकट्या मध्य प्रदेशात. गोशाळांना एका जनावरामागे दिवसाला 20 रुपये मिळायचे, ते राज्य सरकारने 40 केले. हे पाऊल योग्यच आहे, पण चाऱ्याचा भाव पाहिला तर पुरेसं नाही.

गावोगावच्या कोंडवाड्यांसाठीचा कायदा 1871 चा आहे. दुसऱ्याच्या पिकात शिरलेलं जनावर कोंडून मालकाकडून दंड घ्यायचा, ही व्यवस्था दीडशे वर्षं जुनी. तेव्हा नुकसान व्हायचं ते ज्वारीचं. आज त्याच मोकळ्या गायीपायी माणूस मरतो आणि मालक ‘ती आमची नव्हेच’ म्हणून मोकळा होतो. दूध काढायला सकाळी घरी नेलेली गाय रात्री महामार्गावर बेवारस कशी ठरते, हा प्रश्न ग्रामपंचायतीने विचारायला हवा. कानात क्रमांकाचा बिल्ला असला तर उत्तर शोधायला फार वेळ लागणार नाही.

सर्वोच्च न्यायालयाने 7 नोव्हेंबर 2025 रोजी या बाबतीत स्पष्ट आदेश दिला. राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांवरची मोकाट गुरं हटवा, त्यांना निवाऱ्यात ठेवा, त्यासाठी गस्तीपथकं नेमा आणि तक्रारीसाठी दूरध्वनी क्रमांक रस्त्यावर लावा. राजस्थान उच्च न्यायालयाने आधी दिलेल्या निर्देशांचा हा पुढचा टप्पा. त्यामुळे ‘हे काम नेमकं कुणाचं’ असं म्हणायची सोय आता कुठल्याच खात्याला राहिलेली नाही.

जंगली जनावरांचा मामला वेगळा. तिथे मालक नाही आणि कोंडवाडाही नाही.

माळव्यात नीलगायीला घोडारोज म्हणतात, विदर्भात रोही. पूर्ण वाढलेला नर दोनशे किलोंच्या पुढे जातो, आणि त्याचे पाय उंच असतात. मोटारीचा बंपर त्याच्या पायांना लागतो आणि सगळं धड बॉनेटवरून घसरून थेट काचेवर येतं. म्हणून हा अपघात गाडीतल्या माणसांनाही जीवघेणा ठरतो. शिवाय हरणांच्या डोळ्यांत मागे एक चमकणारा पडदा असतो. अंधुक उजेडात पाहायला तो उपयोगी, पण तेच डोळे प्रखर दिव्यांनी दिपतात आणि जनावर पळायचं सोडून जागीच थिजतं. ‘मूर्ख जनावर, हाललंसुद्धा नाही’ असं म्हणणाऱ्याने स्वतःचा हाय बीम आठवावा.

थोडा हिशोब इथे करायलाच हवा. ताशी 60 किलोमीटरने जाणारी गाडी, चालकाला दिसल्यापासून पूर्ण थांबेपर्यंत, साधारण 45 ते 50 मीटर जाते. 80 ला हे अंतर 70 मीटरच्या आसपास, 100 ला जवळपास 100 मीटर. आणि डिपरचा उजेड? बहुतेक गाड्यांत 40-50 मीटरपर्यंत धड दिसतं. म्हणजे अंधारात डिपरवर 100 ने जाणारा चालक, काळी म्हैस दिसते तेव्हाच अपघात करून बसलेला असतो. फक्त धडक व्हायची बाकी असते. ब्रेक कितीही चांगले असले तरी हा हिशोब फारसा बदलत नाही.

इंदूरला जंगल दूर आहे असं वाटणाऱ्यांनी राळामंडळ आठवावं. टेकडीवर होळकरांचा शिकारमहाल, भोवती जेमतेम अडीच चौरस किलोमीटरचं अभयारण्य, 1989 मध्ये जाहीर झालेलं. जवळूनच बायपास जातो आणि मधल्या जागेत वसाहती वाढताहेत. सिमरोल, चोरलकडे गेलं की बिबट्याचा वावर काही नवलाचा राहत नाही. त्याच जंगलातून खंडवा, बऱ्हाणपूरमार्गे खानदेशाकडे जाणारा, इथल्या मराठी घरांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा रस्ता जातो.

महाराष्ट्राने अशा जंगलातल्या रस्त्यांकडे केलेल्या दुर्लक्षाची किंमत वाघांच्या रूपाने मोजली आहे. बोर व्याघ्र प्रकल्पातला ‘बाजीराव’ डिसेंबर 2017 च्या अखेरीस नागपूर-अमरावती महामार्गावर बाजारगावजवळ गाडीच्या धडकेत मेला. ऑगस्ट 2023 मध्ये गोंदिया-कोहमारा रस्त्यावर, नागझिऱ्याच्या वाटेत, मुरदोलीजवळ एका तरुण वाघाला मोटारीने उडवलं. मोडलेल्या पायांनी फरपटत झाडीत शिरणाऱ्या त्या वाघाचं चित्रीकरण देशभर पाहिलं गेलं. उपचारासाठी नागपूरला नेताना त्याने प्राण सोडला. मध्य प्रदेशात जुलै 2024 मध्ये मिडघाटच्या रुळांवर वाघाचे तीन बछडे रेल्वेखाली सापडले. एक जागीच गेला. उरलेल्या दोघांसाठी खास गाडी काढून त्यांना भोपाळला आणलं, पण तेही वाचले नाहीत. एवढी धावपळ बछडे रुळांवर येण्याआधी झाली असती तर?

आणि आधी करता येतं, हे याच दोन राज्यांनी सिद्ध केलं आहे. नागपूरहून सिवनीकडे जाणारा महामार्ग पेंचच्या जंगलातून जातो. चौपदरीकरणाला वन्यजीवप्रेमींनी न्यायालयात आव्हान दिलं, वर्षानुवर्षं वाद झाला, आणि अखेर महाराष्ट्राच्या हद्दीत रस्ताच उचलून खाली प्राण्यांसाठी नऊ मोकळ्या वाटा ठेवल्या गेल्या. सर्वांत छोटी 50 मीटर रुंद, सर्वांत मोठी 750 मीटर. ‘वाघ काय पुलाखालून जाणार आहे?’ असं तेव्हा हसून विचारणारे कमी नव्हते. भारतीय वन्यजीव संस्थेने तिथे कॅमेरे लावले. मार्च ते डिसेंबर 2019 या काळात 18 जातींच्या वन्य प्राण्यांची 5,450 छायाचित्रं मिळाली. चितळ, रानडुक्कर, ससे, रानमांजर. आणि वाघ 89 वेळा. पुढे खवाशाच्या बाजूला, मध्य प्रदेशात, रस्त्याच्या दोन्ही कडांना गाड्यांचा उजेड आणि आवाज अडवणाऱ्या भिंतीही उभ्या राहिल्या.

हे महाग काम आहे, मान्य. पण स्वस्तातलेही उपाय आहेत. भोपाळ-जबलपूर महामार्ग नौरादेहीच्या जंगलातून, म्हणजे आताच्या वीरांगना दुर्गावती व्याघ्र प्रकल्पातून जातो. तिथल्या घाटाच्या दोन किलोमीटर पट्ट्यात डांबरावर पाच मिलिमीटर जाडीचे लाल चौकोन काढले आहेत. रंग पाहून चालक सावध होतो, चाकाखाली हलका धक्का जाणवतो आणि पाय आपोआप ॲक्सिलरेटरवरून उठतो. कर्नाटकातल्या बंदीपूरमध्ये तर 2009 पासून रात्री नऊ ते सकाळी सहा वाहतूकच बंद आहे.

स्वीडनचं उदाहरण इथे द्यायला हवं, कारण तिथे मूस नावाचं आपल्या रोहीपेक्षाही थोराड हरीण रस्त्यावर येतं. तिथे मूस, हरीण, रानडुक्कर अशा मोठ्या जनावराला धडक दिली तर पोलिसांना कळवणं आणि ती जागा खुणेने दाखवणं चालकावर कायद्याने बंधनकारक आहे. मग जाणकार माणूस जखमी जनावराचा माग काढत जातो. जनावराचे हाल थांबतात, आणि त्याबरोबर प्रत्येक धडकेची जागा नोंदली जाते. कुंपण कुठे घालायचं हे त्या नोंदींवरून ठरवता येतं.

आपल्याकडे धडकेनंतर चालक पळ काढतो, बऱ्याचदा जमावाच्या भीतीने. वन्य प्राणी असेल तर कायद्याचीही भीती. म्हणून एवढं माहीत असलेलं बरं : अपघातात मेलेला वन्य प्राणी ही वन्यजीव संरक्षण कायद्याच्या 39 व्या कलमानुसार सरकारची मालमत्ता असते. त्याला हात न लावता वनखात्याला किंवा पोलिसांना कळवायचं. मांस उचलून नेणारा गुन्हेगार ठरतो. जखमी गायी-म्हशींसाठी 1962 हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा क्रमांक आहे.

चालवतानाची पथ्यं फार नाहीत. समोर जनावर दिसलं तर हाय बीम उतरवायचा, हॉर्न वाजवायचा, ब्रेक सरळ रेषेत दाबायचा. एकदम चाक फिरवलं की गाडी उलटते किंवा समोरच्या ट्रकवर जाते; जनावराला वाचवताना माणसं जातात ती अशीच. एक नीलगाय रस्ता ओलांडून गेली म्हणून लगेच वेग वाढवायचा नाही. मागे कळप असतो. आणि दुचाकीवर हेल्मेट, मग गल्लीतल्या गल्लीत जायचं असलं तरी. कुत्रं मधे आल्यावर डोकं आपटायला महामार्ग लागत नाही.

पण सगळा भार चालकावर टाकणं अन्यायाचं होईल. इंदूर-इच्छापूर महामार्गाचं रुंदीकरण सुरू आहे. तेजाजीनगरपासून बलवाड्याकडे जाताना घाटात बोगदे खोदले जात आहेत. बोगद्यावरचा डोंगर प्राण्यांना मोकळा राहतो ही चांगलीच गोष्ट, पण बोगद्यांच्या मधल्या आणि पुढच्या सपाट पट्ट्यांत चारपदरी रस्ता आणि वेगवान गाड्या येणार आहेत. प्राण्यांच्या वाटा कुठे ठेवल्या, कुंपण किती लांबीचं, नाल्यांवरच्या पुलांखालून नीलगाय आणि बिबट्या जाऊ शकतील इतकी उंची आहे का, याचा नकाशा महामार्ग प्राधिकरणाने आणि वनखात्याने लोकांसमोर ठेवावा. यंत्रं अजून जागेवर आहेत तोवर पुलाची उंची वाढवणं सोपं. रस्ता सुरू झाल्यावर त्यासाठी पेंचसारखी वर्षानुवर्षं कोर्टात जातील.

तुकोगंजातून या दिवाळीला जे निघतील त्यांनी एक करावं. रस्त्यावर गुरं बसलेली दिसली, मेलेलं हरीण दिसलं, नीलगाय जिथून उडी मारून आली ती जागा दिसली, तर शेजारी बसलेल्याने किलोमीटरच्या दगडावरचा आकडा लिहून घ्यावा आणि 1033 या महामार्गाच्या क्रमांकावर कळवावा. आकडा, तारीख, वेळ, जनावर कोणतं. फोनला दोन मिनिटं लागतात.