पेठेला सभा का नसावी?

पुणे शहर ज्या वस्तीतून वाढत गेले ती कसबा पेठ आज महानगरपालिकेच्या एका प्रभागाचा तुकडा आहे. ग्रामदैवताचा मान येथल्याच गणपतीकडे आहे. तांबट आळी, बुरूड आळी, शिंपी आळी, कुंभारवाडा, कागदीपुरा ही नावे अद्याप पत्त्यांत लिहिली जातात. एके काळी धंदा आणि वस्ती यांनी मिळून घडविलेले हे एक गावच होते. गावाचे दैवत राहिले, आळ्यांची नावे राहिली, मात्र गावाने एकत्र बसून आपला प्रश्न सोडवावयाची जागा उरली नाही.

म्हणून ग्रामपंचायत असलेल्या एखाद्या लहानशा गावातील नागरिकास जो कायदेशीर अधिकार आहे तो कसब्यातील नागरिकास नाही. राज्याच्या ग्रामपंचायत कायद्याप्रमाणे वर्षातून किमान चार ग्रामसभा भरवाव्या लागतात. तेथे मतदार उभा राहून सरपंचाला हिशेब विचारू शकतो. पुण्यात १६५ नगरसेवक आणि ४१ प्रभाग आहेत. २०११ च्या जनगणनेचा आधार घेतला तरी एका प्रभागात ऐंशी हजारांच्या आसपास माणसे येतात. त्यांना चार, एके ठिकाणी पाच प्रतिनिधी. रस्त्यावरील खड्ड्यासाठी यांपैकी कोणाकडे जावयाचे हेच मतदाराला ठाऊक नसते, आणि दुसऱ्याकडे बोट दाखविण्याची सोय मात्र प्रत्येक प्रतिनिधीला असते.

१९९३ साली अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना घटनेचे संरक्षण दिले. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झालीच पाहिजे असे घटना सांगते. तरीही पुणे महानगरपालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि मतदान झाले ते १५ जानेवारी २०२६ रोजी. आरक्षणाचा वाद, प्रभागरचनेचे बदल आणि न्यायालयातील तारखा यांत जवळजवळ चार वर्षे गेली. एवढा काळ लक्षावधी लोकांच्या पाण्याचा, कचऱ्याचा आणि कराचा कारभार एका प्रशासकाच्या सहीने चालला. विधानसभेची निवडणूक चार वर्षे लांबली असती तर देशभर हलकल्लोळ माजला असता. महानगरपालिकेची लांबली तेव्हा फारसे कोणी हलले नाही. स्थानिक स्वराज्य ही दुय्यम बाब आहे हे आपण सर्वांनी, आपल्या पक्षांनीसुद्धा, मनोमन मान्य करून टाकले आहे, हाच याचा अर्थ.

या उपेक्षेची किंमत कोणी मोजली ते पाहावयाचे असेल तर शहराच्या कडेला जावे. जून २०२१ मध्ये तेवीस गावे पुणे महानगरपालिकेत घेण्यात आली. खडकवासला, नांदेड, किरकटवाडी, नांदोशी, वाघोली, सूस ही त्यांतली काही. त्या दिवशी तेथील ग्रामपंचायती संपल्या. काही महिन्यांत महानगरपालिकेचीही मुदत संपली. सरपंच गेला आणि नगरसेवक आलाच नाही. जानेवारी २०२५ मध्ये पुणे परिसरात गुलेन बारी सिंड्रोमची साथ आली, तेव्हा दोनशेहून अधिक संशयित रुग्णांपैकी पुष्कळसे सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यातील, म्हणजे नांदेड-किरकटवाडीच्या बाजूचे होते, आणि संशयाचे बोट दूषित पाण्याकडे वळले होते. विहिरीच्या पाण्यात काय आहे हे विचारण्यासाठी त्या लोकांपाशी ना ग्रामसभा होती, ना सभागृहात आपला एकही माणूस. निवडून आलेला प्रतिनिधी असता तर साथ टळली असती असे म्हणणे धाडसाचे होईल. परंतु प्रश्न विचारण्याची जागाच नाहीशी करणे हा अन्याय आहे, आणि तो साथीच्या आधीपासून चालू होता.

कारभार मोठा झाला की तो कार्यक्षम होतो, लहान संस्थांना अभियंते आणि यंत्रसामग्री परवडत नाही, असा युक्तिवाद केला जातो. त्यात तथ्य आहे. जलवाहिनी पेठेपेठेने वेगळी टाकता येत नाही. पण यंत्रणा एक असावी म्हणून निर्णयाची जागाही एकच असली पाहिजे, हे कोठून आले? जर्मनीचा अनुभव येथे उपयोगी पडतो. त्या देशाच्या राज्यघटनेच्या २८ व्या कलमाने प्रत्येक गावाला स्थानिक कारभाराचा हक्क दिला आहे. पश्चिम जर्मनीत १९६८ ते १९७८ या दशकात गावांची मोठ्या प्रमाणावर जुळवाजुळव झाली आणि चोवीस हजारांच्या सुमारास असलेल्या ग्रामसंस्थांची संख्या साडेआठ हजारांवर आली. मात्र ऱ्हाइनलँड-पॅलेटिनेट आणि श्लेस्विग-होलस्टाइन या राज्यांनी निराळी वाट धरली. तेथे अनेक गावांची कचेरी सामाईक असते, लेखनिक आणि अभियंते सामाईक असतात, पण प्रत्येक गावाचे निवडलेले मंडळ आणि बहुधा मानद काम करणारा महापौर त्या गावाचाच असतो. श्लेस्विग-होलस्टाइनमध्ये सत्तर किंवा त्याहून कमी वस्तीच्या गावात मंडळही निवडत नाहीत. सर्व मतदारांची सभा हेच मंडळ. उत्तर समुद्रातील ग्रोडे या इवल्याशा बेटावर दोन उंचवट्यांवर मूठभर घरे आहेत, तरी ते स्वतंत्र गाव आहे. त्या देशातील बहुसंख्य अग्निशामक स्वयंसेवक असतात. आग लागली की शेजारीच धावतो, कारण बंब गावाचा असतो.

हे सारे आपल्याकडे जसेच्या तसे आणता येणार नाही. जुनी गावकी म्हणजे लोकशाही नव्हती; तिच्यात महार-मांगांना वेशीबाहेर ठेवण्याचे सामर्थ्य होते, आणि खेडे हे लोकशाहीचे आदर्श घटक आहे या समजुतीवर डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत केलेला प्रहार आजही खोटा ठरलेला नाही. लहान संस्था एखाद्या भावकीच्या किंवा बांधकाम व्यावसायिकाच्या खिशात सहज जाते. मात्र यावरचा उपाय संस्था मोडणे हा नव्हे. आरक्षण, हिशेबतपासणी आणि मूलभूत हक्क यांचे रक्षण वरच्या सत्तेने करावे. गटार कोणते आधी बांधावयाचे, मैदान कोणाला वापरू द्यावयाचे, हे खालच्यांनी ठरवावे. डॉ. लोहियांच्या चौखंबा राज्याचा आशय हाच होता. गाव, जिल्हा, प्रांत आणि केंद्र या चार खांबांपैकी तळाचा खांब पोकळ ठेवून उरलेल्या तिघांवर इमारत उभी राहत नाही.

महात्मा फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. ते सरकारनियुक्त सभासद होते, तरीही व्हाइसरॉयच्या स्वागतावर करदात्यांचा पैसा उधळण्यास त्यांनी विरोध केला. नगरपालिकेच्या पैशाकडे कोणत्या नजरेने पाहावयाचे याचा तो धडा आहे.

कसब्यापुढे आज जे प्रश्न आहेत ते सभेवाचून सुटणारे नाहीत. वाडे पडत आहेत आणि त्या जागी इमारती उठत आहेत. जुन्या भाडेकरूचे काय होणार हे मालक आणि विकासक यांच्या बोलण्यात ठरते. तांबट आळीतील कारागिराला ठोकाठोकीचा धंदा पेठेत चालवू द्यावयाचा की नाही, हा त्याच्या एकट्याचा प्रश्न नव्हे. भुयारी मेट्रोच्या स्थानकासाठी येथील काही कुटुंबांना हलविण्याचा विषय निघाला तेव्हा विरोध रस्त्यावर करावा लागला, कारण बोलावयास दुसरी जागा नव्हती. २९ सप्टेंबर २०२४ पासून स्थानक सुरू आहे. पुढच्या वेळी तरी प्रकल्पाचा नकाशा आधी सभेपुढे यावा.

यासाठी नवा कायदा होण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. महाराष्ट्राने २००९ मध्येच महानगरपालिका कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद केली. ती कागदावरच राहिली. पुण्यात २००६ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी सूचना मागविण्याचा उपक्रमही झाला, पण सूचना देणे आणि निर्णय घेणे यांत मोठे अंतर आहे. कार्यकर्त्यांनी हे अंतर कमी करावयास घ्यावे. आळीआळीत, भाडेकरूंना आणि सफाई कामगारांना पुढच्या रांगेत बसवून, दर तीन महिन्यांनी सभा भरवावी; नगरसेवकांना लेखी बोलवावे; आले नाहीत तर रिकामी खुर्ची तशीच ठेवावी. ठरावांची नोंद ठेवावी आणि पुढच्या सभेत त्यांचा हिशेब मांडावा. क्षेत्रसभा स्थापन करा ही मागणी मग निवेदनापुरती राहणार नाही. चालू असलेल्या सभेला कायद्याची मान्यता द्या, एवढेच सरकारला सांगावे लागेल.

निवडणुका झाल्या, सभागृह भरले, म्हणून समाधान मानणे सोपे आहे. पण चार वर्षे सभागृह नसतानाही ज्यांचे काही अडले नाही, त्यांना ते परत आल्याचे भय वाटण्याचे कारण नाही. ते भय कसब्यातील एखाद्या आळीत, सतरंजीवर बसलेल्या शंभर माणसांच्या सभेनेच निर्माण होईल.