विश्लेषण : हाडे मडक्यात, वय कोळशाचे! खानदेशातील प्राचीन वस्त्यांचा काळ कसा ठरतो?

तमिळनाडूतील शिवगलाई येथे लोखंडाचा वापर इ.स.पू. 3345 पर्यंत मागे जातो, असे तेथील सरकारने जानेवारी 2025 मध्ये जाहीर केले. त्यानंतर चारच महिन्यांत कीळडीच्या उत्खनन अहवालातील कालखंडांवरून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण आणि उत्खनन करणारे अधिकारी यांच्यात वाद झाला. दोन्ही बातम्यांत एकच शब्द पुन्हा पुन्हा आला, ‘कार्बन डेटिंग’. मथळ्यात वर्ष आले की विषय संपला, असा त्याचा थाट असतो. प्रत्यक्षात शिवगलाईत वय निघाले ते लोखंडाचे नव्हे. तिथल्या दफनस्थळी मिळालेल्या कोळशाचे आणि खापरांचे वय काढून त्यावरून लोखंडाचा काळ मांडला गेला. हा फरक समजून घ्यायला तमिळनाडूपर्यंत जायची गरज नाही. गिरणा, पांझरा आणि तापीच्या काठावर तोच प्रश्न सत्तर वर्षांपासून पडून आहे.

खानदेशात नेमके काय सापडले आहे?

चाळीसगाव तालुक्यात गिरणेच्या काठी बहाळ आहे. 1950 च्या दशकात म. न. देशपांडे यांनी येथे उत्खनन केले आणि ताम्रपाषाणयुगापासूनचे थर उघडे केले. नदीच्या दुसऱ्या काठावर टेकवाडे येथे त्याच काळातील दफने मिळाली. काही खड्ड्यात, काही मडक्यात. त्याच दशकात, 1955 मध्ये, बी. के. थापर यांनी तापी-गोमाई संगमावरील प्रकाशा खणले. प्रकाशाजवळच्या सावळदा गावाचे नाव तर एका अख्ख्या संस्कृतीला मिळाले. ही दोन्ही गावे आज नंदुरबार जिल्ह्यात आहेत. 1998 पूर्वी ती धुळे जिल्ह्यात होती, म्हणून जुन्या अहवालांत तसाच उल्लेख दिसतो.

पुढे डेक्कन कॉलेजने साक्री तालुक्यातील कावठे येथे याच सावळदा संस्कृतीची वस्ती खणली. म. के. ढवळीकर, वसंत शिंदे आणि शुभांगना अत्रे यांचा त्यावरचा अहवाल 1990 मध्ये प्रसिद्ध झाला. सावळदा संस्कृतीचा काळ अभ्यासक इ.स.पू. 2000 च्या आगेमागे ठेवतात. पण ‘आगेमागे’ म्हणजे किती, यावर बरेच काही अवलंबून आहे. हे लोक गुजरातकडील उत्तर हडप्पा वस्त्यांचे समकालीन होते की त्यांच्या नंतरचे, हे दोनशे वर्षे इकडेतिकडे झाली तरी बदलते.

मग आधी काळ कसा ठरवला?

खापरांवरून. बहाळ आणि प्रकाशा खणले गेले तेव्हा भारतात कार्बन डेटिंगची प्रयोगशाळाच नव्हती. अमेरिकेत विलर्ड लिबी यांनी ही पद्धत 1949 मध्ये मांडली आणि 1960 मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. आपल्याकडे 1960 च्या दशकात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत हे काम उभे राहिले, नंतर ते अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत गेले. तोपर्यंत एका गावच्या खापराची नक्षी दुसऱ्या गावच्या खापराशी जुळवून काळ सांगितला जाई. ही पद्धत वाईट नाही, आजही तीच पहिली पायरी आहे. पण तिच्यातून कोण आधी आणि कोण नंतर एवढेच कळते, वर्षांचा आकडा मिळत नाही.

कार्बन-14 चे घड्याळ चालते कसे?

अवकाशातून येणाऱ्या किरणांमुळे हवेत थोडा किरणोत्सारी कार्बन सतत तयार होत असतो. झाडे तो घेतात, झाडे खाणारी जनावरे घेतात, माणूसही घेतो. जीव गेला की भरणा थांबतो आणि घट सुरू होते. 5730 वर्षांनी निम्मा उरतो, आणखी तितक्याच वर्षांनी पाव. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या धान्याच्या दाण्यात अजून साधारण 65 टक्के कार्बन-14 शिल्लक असतो. म्हणजे ताम्रपाषाणयुगासाठी हे घड्याळ चांगले चालते.

त्याची खरी कसोटी चाळीसगाव तालुक्यातच लागली आहे. पाटणादेवीमुळे परिचित असलेल्या पाटणे येथे सु. अ. साळी यांना 1970 च्या दशकात शहामृगाच्या अंड्याची कवचे मिळाली. त्यातील एका तुकड्यावर रेघांची नक्षी कोरलेली होती. कवचाचे कार्बन वय 25,000 वर्षे आले, 200 वर्षांच्या फरकाने. (खानदेशात शहामृग? होय. भारतात मिळालेल्या अशा कवचांतून हैदराबादच्या ‘सीसीएमबी’च्या शास्त्रज्ञांनी 2017 मध्ये डीएनए मिळवून ते शहामृगाचेच असल्याचे दाखवले.)

इतक्या जुन्या नमुन्यात जेमतेम साडेचार टक्के कार्बन-14 उरतो. अशा नमुन्यात आजचा फक्त एक टक्का कार्बन मिसळला, तर वय सुमारे दीड हजार वर्षांनी कमी दिसते. तेवढीच भेसळ साडेतीन हजार वर्षांच्या कोळशात झाली, तर चूक 40-45 वर्षांची. बारीक मुळी, कापूस, कागद, हाताचा घाम असे काहीही त्यासाठी पुरते. म्हणून नमुना हात न लावता उचलून ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळतात आणि प्रयोगशाळेत आम्ल-अल्कलीने धुतात.

± चा अर्थ काय?

इंजिनीअरिंग ड्रॉइंगवर ±0.5 लिहिले की माप त्याबाहेर गेलेला जॉब रिजेक्ट होतो. इथे तसे नाही. ‘3500 ± 50’ म्हणजे खरे मूल्य त्या पट्ट्यात असण्याची शक्यता साधारण 68 टक्के. तीनातला एक निकाल पट्ट्याबाहेरचा असू शकतो. बातमीत हे कधीच येत नाही. शिवाय ही वर्षे 1950 पासून मागे मोजलेली असतात आणि तीही ‘कार्बन वर्षे’. हवेतला कार्बन-14 सर्व काळ सारखा नव्हता, त्यामुळे झाडांच्या वर्षवलयांवरून बनवलेल्या आलेखाशी हा आकडा जुळवून मगच कॅलेंडरचा काळ मिळतो. पाटण्याचे 25,000 असे दुरुस्त केले की 29 हजारांच्या आसपास जातात.

हा आलेख सरळ नाही. साधारण इ.स.पू. 800 ते 400 या टप्प्यात तो जवळपास सपाट होतो. तिथे कितीही अचूक यंत्र आणा, उत्तर दोन-तीन शतकांत पसरते. कीळडीचे गाजलेले ‘इ.स.पू. 580’ नेमके याच टप्प्यातले आहे. प्रकाशा आणि बहाळच्या लोहयुगीन थरांपुढेही हीच अडचण आहे. ताम्रपाषाणयुगाच्या बाबतीत खानदेश त्या मानाने सुदैवी.

हाडांचेच वय का काढत नाहीत?

काढता येते, पण त्यासाठी हाडातले कोलॅजेन हे प्रथिन टिकायला हवे. उन्हाळ्यात तापणाऱ्या आणि पावसाळ्यात चिंब होणाऱ्या मातीत ते फार टिकत नाही. उरतो हाडाचा खनिज भाग, आणि आपल्याकडच्या चुनखडीच्या जमिनीत भूजलातला कार्बन त्यात शिरतो.

मग कोळसा. पण कोळसा झाड वाढल्याचा काळ सांगतो, चूल पेटल्याचा नाही. शंभर वर्षांच्या खोडाचा गाभा जळला असेल, तर घर खऱ्यापेक्षा शंभर वर्षे जुने ठरते. दफनात आणखी एक गोम आहे. खड्डा वरच्या थरातून खालच्या जुन्या थरात खणतात आणि निघालेली मातीच परत लोटतात. त्या मातीतला कोळसा मृतापेक्षा कितीतरी जुना असू शकतो. इनामगावसारख्या ठिकाणी दफने घरातच, जमिनीखाली मिळाली. त्यामुळे कुठल्या घराच्या जमिनीतून खड्डा खणला हे पाहता येते. टेकवाड्याला वस्ती एका काठावर आणि दफने दुसऱ्या काठावर. दोघांना जोडणारा दुवा म्हणजे मडकी. दफनस्थळाचा कोळशावरचा एकुलता एक आकडा मी तरी मथळ्यात घेणार नाही. एका वर्षात उगवून एका वर्षात संपणारे धान्याचे जळके दाणे मिळाले आणि त्यांचे अनेक निकाल एकमेकांशी जुळले, तर गोष्ट वेगळी.

आता काय बदलले?

नमुन्याचा आकार. जुन्या पद्धतीला काही ग्रॅम कोळसा लागायचा, एएमएस यंत्राला मिलिग्रॅममध्ये भागते. दिल्लीच्या आंतर-विद्यापीठ त्वरक केंद्रात ही सोय आहे. म्हणजे एक दाणा, एक दातही पुरेल. जुन्या उत्खननांतून जपून ठेवलेल्या वस्तू पुन्हा तपासता येतील, नवे खोदकाम न करता.

मात्र जी टेकाडे अजून खणलीच नाहीत, ती झपाट्याने जात आहेत. गावाजवळच्या अशा टेकाडाला आपण ‘पांढरी’ म्हणतो. तिची राखमिश्रित माती शेताला चांगली म्हणून पिढ्यान्‌पिढ्या बैलगाडीने नेली जात होती, आता जेसीबी आणि ट्रॅक्टर आहेत. नदीकाठ खचतो ते वेगळेच. ट्रॉलीतून शेतात पसरलेल्या कोळशाचे वय प्रयोगशाळा आजही काढून देईल, पण तो कुठल्या थरातला आणि कुणाच्या चुलीतला हे कुठलेही यंत्र सांगू शकत नाही.

शेतात मडके निघाले तर?

उचलू नका आणि धुऊ तर मुळीच नका. जागेवरच मोबाइलचे लोकेशन चालू ठेवून फोटो काढा, शेजारी पट्टी किंवा निदान पेन ठेवा, काठाचा उभा छेदही फोटोत येऊ द्या. मग तलाठ्यामार्फत तहसीलला कळवा. राज्य पुरातत्त्व विभागाचे कार्यालय नाशिकला आहे. 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेल्या, दहा रुपयांपेक्षा अधिक मोलाच्या ठेव्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे. दहा रुपयांची ही मर्यादा ब्रिटिशांच्या काळातली आहे.