खरं-खोटं कुणी ठरवायचं?

सोशल मीडियावर खोटं फार बोकाळलंय, त्याला आवर घाला, ही मागणी आता सगळेच करतात. पुढारी करतात, पोलीस करतात, आपल्या निवेदनांतही ती असते. पण आवर घालायचा कुणी, असं विचारलं की बैठकीत दोन तट पडतात. काहीजणी म्हणतात, सरकारने कडक कायदा करावा. काहीजणी म्हणतात, ज्या कंपन्या यातून पैसा कमावतात त्यांनीच असला मजकूर काढावा. मला ही दोन्ही उत्तरं अपुरी वाटतात. त्याची कारणं मांडते.

आपल्या जिल्ह्यापासून सुरुवात करू. २०१८ साली मुलं पळवणारी टोळी आली, दरोडेखोर आले, अशा आवया व्हॉट्सअ‍ॅपवरून गावोगाव फिरत होत्या. जून महिन्यात वैजापूर तालुक्यातल्या चांदगावला दरोडेखोर समजून जमावाने काही जणांना मारलं. त्यात दोघांचा जीव गेला. १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारे ठरवून ठार करण्यात आलं. भिक्षा मागत फिरणारी ही भटकी माणसं. त्या दिवसांत देशभर फिरणारा एक व्हिडिओ तर कराचीतला होता, मुलांना जपा असं सांगणाऱ्या जाहिरातीचा. पळवलेलं मूल परत आणून देतात तो शेवटचा भाग तेवढा कापून टाकलेला.

त्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा भारतात आणली. वेग थोडा कमी झाला असेल. पण पाठवणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या मध्ये तो मेसेज कुलूपबंद असतो. कंपनी तो वाचत नाही. जो मजकूर कुणी वाचतच नाही, तो तपासून काढणार कोण? राईनपाड्याच्या सुमारासच मालेगावात भिक्षा मागणाऱ्या एका कुटुंबाला जमावाने घेरलं होतं. त्यांच्यासोबत दोन वर्षांचं मूल होतं. तिथल्याच एका रहिवाशाने त्यांना आसरा दिला, पोलीस आले, आणि ती माणसं वाचली. वाचवलं ते शेजारपाजाऱ्यांच्या शहाणपणाने.

जे सर्वांना दिसतं ते तरी कंपन्या नीट बघतात का? ७ जानेवारी २०२५ ला फेसबुकची मालक कंपनी मेटाने अमेरिकेत बाहेरच्या संस्थांकडून होणारी तथ्य-तपासणी बंद करण्याचं जाहीर केलं. त्याच वेळी द्वेषपूर्ण मजकुराचे नियम सैल केले. बायकांना घरातली वस्तू किंवा मालमत्ता म्हणायला आधी मनाई होती, तीही नियमांतून गेली. एका मालकाच्या मनात आलं आणि जगभरच्या बायकांबद्दल काय बोलता येईल याची रेघ सरकली. अशा हातांत आपली अब्रू किती सुरक्षित?

भाषेचाही प्रश्न आहे. गावातल्या मुलीचा साधा, अंगभर कपड्यातला फोटो टाकतात आणि खाली लिहितात, ‘ही तसलीच.’ यात शिवी नाही, अश्लील काही नाही. यंत्राला त्यात वावगं दिसत नाही. पण ‘तसली’ म्हणजे काय हे अख्ख्या गावाला कळतं, आणि दुसऱ्या दिवशी तिचं कॉलेज बंद होतं.

मग सरकारकडे द्यायचा का हा अधिकार? आपण पालघर विसरलो नसू. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, दुसरीने त्या पसंत केल्या. दोघींना अटक झाली. ज्या कलम ६६ अ चा तेव्हा आधार घेतला, ते बायकांना त्रासापासून वाचवेल असंच सांगितलं जायचं. शेवटी २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं. पुढे २०२३ मध्ये केंद्र सरकारने नियम आणला, की सरकारी कारभाराविषयी काय खोटं आहे हे सरकारचाच तपासणी कक्ष ठरवेल. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये तो घटनाबाह्य ठरवला. उद्या आपण वस्तीत फिरून रेशनची, बाळंतपणात दगावलेल्या बायकांची पाहणी केली आणि आकडा सरकारी आकड्याशी जुळला नाही, तर खोटं कुणाचं ठरलं असतं?

सगळे नियम टाकाऊ आहेत, असं मी म्हणत नाही. २०२१ च्या नियमांनुसार नग्न किंवा बनावट छायाचित्राबद्दल बाईने, किंवा तिच्या वतीने कुणी, तक्रार केली की २४ तासांत ते हटवणं कंपनीवर बंधनकारक झालं. २०२६ मध्ये ही मुदत आणखी कमी केली गेली. कंपनीने दाद दिली नाही तर २०२३ पासून अपील समितीकडे जाता येतं. इथे कायदा बाईच्या हातात हत्यार देतो. फरक एवढाच, की तक्रार करायची की नाही हे तिने ठरवायचं असतं.

एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मुलीचा व्हिडिओ फिरला की आपणही आधी विचारतो, खरा की बनावट? बनावट निघाला की सुस्कारा टाकतो. पण मग खरा निघालेल्या मुलीचं काय? ती गुन्हेगार? आपल्या कायद्यानेसुद्धा हे मान्य केलंय. बाईने खाजगी छायाचित्र काढू द्यायला संमती दिली असली, तरी तिच्या संमतीशिवाय ते पसरवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. अफवेबाबत खरं-खोटं विचारलंच पाहिजे. बाईच्या देहाबाबत मात्र प्रश्न संमतीचा आहे. तथ्य-तपासणीच्या नावाखाली तिची चारित्र्य-तपासणी होता कामा नये.

मैत्रिणींनो, फॅक्ट-चेक हा शब्द नवा असेल, काम नवं नाही. जोतीरावांनी १८७३ मध्ये स्थापलेल्या समाजाच्या नावातच सत्याचा शोध आहे. स्टोव्हचा भडका उडाला असं सासरचे सांगायचे, तेव्हा आपल्या कार्यकर्त्या त्या घरी गेल्या, स्टोव्ह पाहिला, शेजारणींशी बोलल्या, पंचनामा मागून घेतला. ते सत्यशोधनच होतं. तेच आता मोबाईलबाबत करायला हवं.

प्रत्येक बचत गटात, महिला मंडळात दोघींनी ही जबाबदारी घ्यावी. घाबरवणारा मेसेज आला की कुठलं गाव, कधी, कुणी पाहिलं, हे विचारावं. त्या गावच्या पोलीस पाटलाला, आशाताईला फोन लावावा. फॅक्ट क्रेसेंडो, न्यूजचेकर यांसारख्या संस्था मराठीतही तपासणी करतात, त्या पाहाव्यात. खुलासा त्याच ग्रुपवर, साध्या मराठीत आणि बोलून टाकावा, म्हणजे वाचता न येणाऱ्या बाईलाही कळेल. मुलीचा फोटो निषेधासाठीसुद्धा पुढे पाठवू नये. तारखेसह पुरावा जपून तिच्यासोबत ठाण्यात जावं. आणि तिच्या आईबापांना सांगावं, तिचा मोबाईल काढून घेऊ नका, कॉलेज बंद करू नका.

कंपन्यांकडे आपली मागणी हवी, की मराठी आणि तिच्या बोली जाणणारी माणसं तक्रारी बघायला नेमा, आणि तक्रारीचं काय झालं ते मराठीत कळवा. पोलिसांकडे मागणी हवी, की ‘सायबरला जा’ म्हणून तालुक्याच्या ठाण्यातून बाईला परत पाठवू नका. या मागण्यांसाठी भांडूच. पण काय खरं हे ठरवायचा अधिकार मात्र ना मंत्रालयाला देऊन टाकायचा, ना कंपनीला.