नंदुरबारचा बेस कोण वाजवतो?

एप्रिलची रात्र, तळोद्याच्या पुढचं एखादं गाव, हळदीचा मांडव. दिवसभर तापलेली जमीन अजून पायाला गरम लागते. पिकअप गाडीवर साऊंड चढवलेला आहे, थोड्या अंतरावर जनरेटर धडधडतोय. कीबोर्डवाला, ऑक्टापॅडवाला, दोन गायक आणि गाडीच्या चाकाजवळ उभा एक पोरगा, गळ्यात चार जाड तारांची गिटार. रोडालीचं गाणं सुरू होतं, नाचणाऱ्यांची रांग धरली जाते. दुसऱ्याच कडव्याला गर्दीतून आरोळी येते, ‘बेस वाढव भो!’ साऊंडवाला मिक्सरवरचं बटण फिरवतो, खोकी थरथरतात, लोक खूश होतात. चार तारांवर बोटं चालवणाऱ्या पोराकडे एकाचीही मान वळत नाही.

खानदेशात ‘बेस किती?’ असं विचारलं की उत्तर खोक्यांच्या हिशेबात मिळतं. चार बेस, चार टॉप. लग्नाच्या बोलणीत, मिरवणुकीच्या वर्गणीत, पोरांच्या बढाईत हाच हिशेब चालतो. बेस हा एक सूर आहे, तो कोणीतरी शिकतो, रोज घासतो, गायकाच्या श्वासाकडे लक्ष ठेवून वाजवतो, ही गोष्ट त्या हिशेबात कुठेच बसत नाही. नंदुरबार जिल्ह्यात हौसेनं बेस गिटार वाजवणारी मुलं आहेत, थोडी आहेत, पण आहेत. त्यांना बँडमध्ये पक्की जागा आणि बिदागीत पुरता वाटा मिळाला पाहिजे. ही मागणी परक्या वाद्याचे लाड करण्यासाठी नाही. ती या जिल्ह्याच्या जुन्या सवयीला धरूनच आहे.

कारण सातपुड्याच्या या डोंगरात खालचा आवाज कायम माणसाच्या हातात होता. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची राजवाडी होळी साडेसातशे वर्षांहून जुनी मानली जाते. तिथं रात्रभर मोठे ढोल वाजतात आणि पहाटे होळी पेटते. मोरपिसांचे टोप घातलेले, कमरेला भोपळे आणि घुंगरू बांधलेले बावा-बुध्या त्या ढोलाच्या ठेक्यावर पाय टाकतात. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारात धडगावला गावोगावचे ढोल उतरतात, तेव्हा छातीत जे घुमतं तो खरा बेस. ढोल्याची नजर नाचणाऱ्यांच्या पायांवर असते. रांग दमली की तो ठेका सैल सोडतो, रंगात आली की आवळतो. पेन ड्राइव्हवर भरलेल्या गाण्याला हे जमत नाही, कारण त्याला समोरची रांग दिसतच नाही.

बेस गिटारचा जन्मही वाहतुकीच्या अडचणीतून झाला, हे सातपुड्यातल्या माणसाला लगेच पटेल. अमेरिकेतल्या वाद्यवृंदांत खालचा सूर डबल बेसवर वाजायचा. ते माणसापेक्षा उंच लाकडी वाद्य मोटारीत मावत नसे, आणि पितळी वाद्यांच्या गर्दीत त्याचा आवाजही बुडून जाई. 1951 मध्ये लिओ फेंडर यांनी प्रिसिजन बेस बाजारात आणला. चार तारा, 34 इंचांची तारेची लांबी, सूर नेमका सापडावा म्हणून पट्ट्या, आणि वजन साधारण 4 किलो. शहाद्याहून धडगावला घाटातून मोटारसायकलवर जाताना पाठीला अडकवता येईल असं हे वाद्य आहे. एसटीत खिडकीजवळच्या बाकावर ते गुडघ्यांमध्ये उभं धरून नेता येतं.

आता त्या पोराच्या खरेदीकडे वळू, कारण पैसे तिथंच वाया जातात. दहा ते वीस हजारांत कामाचा बेस मिळतो. पण मोबाइलवर परदेशी वादकांचे व्हिडिओ बघून त्याला पाच तारांचा, बॅटरीवर चालणारा बेस हवासा वाटतो. या हट्टामागे एक कारण खरं आहे, ते आधी मान्य करायला हवं. चार तारांच्या बेसची सगळ्यात खालची मोकळी तार पांढरी तीनला लागते, कंपनं सेकंदाला सुमारे 41. गायकाची पट्टी काळी एक किंवा काळी दोन असली की खालचा सा त्या तारेच्या खाली जातो, आणि वादकाला एक सप्तक वर चढून वाजवावं लागतं. पाचव्या तारेवर तो खालचा सा सापडतो, ती तार 31 कंपनांपर्यंत उतरते. मात्र पिकअपवरची साधी खोकी इतकं खाली प्रामाणिकपणे वाजवत नाहीत, नुसती गुरगुरतात. सूर ऐकणाऱ्यापर्यंत पोचतच नसेल तर त्या तारेसाठी जादा पाच-सात हजार मोजण्यात अर्थ नाही.

शिवाय आपले कान हुशार आहेत. जुन्या बँडच्या लाऱ्यांवर कर्णे असायचे. कर्ण्यातून दोनशे-अडीचशे कंपनांच्या खालचा आवाज जवळजवळ निघतच नाही. तरी माणसांना खालचा सूर कळायचा. मूळ सूर गळाला तरी त्याचे वरचे स्वरांश ऐकू आले, की मेंदू खालचा सूर स्वतः भरून घेतो. म्हणून ज्याला हलक्या साऊंडवर वाजवायचं आहे त्यानं तार घोडीजवळ, नखाचा किंवा नखीचा थोडा स्पर्श देऊन छेडावी. स्वरांश वाढतात, सूर स्पष्ट होतो, आणि मिक्सरवरचं बटण वाढवावं लागत नाही. वीस हजारांच्या नव्या वाद्यापेक्षा बोटं चार अंगुळं सरकवण्याचा फायदा मोठा आहे.

दुसरी अडचण जनरेटरची. गावातल्या मांडवात अर्थिंग बहुतेक वेळा नावालाच असतं. वाद्याची पिन लावली की साऊंडमधून ‘हूं’ असा आवाज सुरू होतो. आपल्या विजेची कंपनं 50, आणि बेसवरचा खालचा पांढरी पाच 49 कंपनांचा, काळी चार जवळपास 52 चा. म्हणजे ही घरघर बरोबर बेसच्या अंगणात, दोन सुरांच्या मध्ये येऊन बसते आणि सतत बेसूर वाजत राहते. कीबोर्डवाल्याला ती फारशी टोचत नाही, बेसवाल्याचं मात्र सगळं काम नासवते. त्याला उपाय आहेत. प्रिसिजन बेसवर तारेची कंपनं टिपणारा पिकअप 1957 पासून दोन तुकड्यांचा असतो, त्याची दोन अर्धी एकमेकांची घरघर मारतात. त्या घडणीचा साधा, बिनबॅटरीचा बेस नंदुरबारच्या मांडवासाठी सगळ्यात सोयीचा. रात्री अकराला मोलगीत 9 व्होल्टची बॅटरी शोधत फिरावं लागत नाही.

आणि एक डीआय बॉक्स. तळहाताएवढी ही लोखंडी डबी बेस आणि मिक्सरच्या मध्ये बसते, लांब वायरीतून येणारा गोंगाट कमी करते आणि तिच्यावरच्या खटक्यानं अर्थिंगच्या फेऱ्यातून येणारी घरघर तोडता येते. बेसवाल्यानं पहिला पगार झाला की पाच तारांच्या आधी ही डबी घ्यावी. मात्र ती विजेच्या धक्क्यापासून वाचवत नाही, हेही लक्षात ठेवावं. तारांवर हात आणि ओठ माइकला, अशा अवस्थेत धक्का बसतो तो जीवघेणा ठरू शकतो. वाजवण्याआधी टेस्टर लावून बघायची सवय वाद्य जुळवण्याइतकीच पक्की हवी.

हे सगळं सांभाळणारा माणूस पोटासाठी दुसरंच काही करतो. कोणी मोबाइल दुरुस्त करतो, कोणी शहाद्याकडच्या पपईच्या बागेत राबतो, कोणी नंदुरबारच्या बाजारात हिवाळ्यात मिरचीच्या पथारीवर हिशेब लिहितो. मिरचीची भुकटी आणि गावच्या वाटेची धूळ वाद्याच्या बटणात जाते. मग आवाज कमी-जास्त करताना खरखर होते आणि साफसफाईचा फवारा मारावा लागतो. उन्हाळ्यात कोरड्या हवेनं लाकडी मान हलते, पावसाळ्यात पुन्हा फिरते. मानेतली लोखंडी सळई चावीनं पाव फेरा वळवायची आणि एक दिवस थांबून बघायची, हे त्याला शिकावंच लागतं. तारांचा चांगला संच दीड-दोन हजारांच्या घरात जातो. म्हणून बेसवाले जुन्या तारा काढून पाण्यात उकळतात. खोबणीतला घाम आणि मळ सुटतो, आणि पुढच्या दोन-चार सुपाऱ्या निघतील इतकी चमक परत येते. चुलीवर पातेल्यात तारा उकळणाऱ्या पोराला घरची माणसं काय म्हणत असतील ते म्हणोत, ती त्याच्या कामावरची निष्ठा आहे.

मग बँडचा मालक विचारतो, कीबोर्डच्या डाव्या हातानं बेस निघतो, तर पाचवा माणूस कशाला पोसायचा? प्रश्न रास्त आहे. आजच्या कीबोर्डवर ‘स्टाईल’ लावली की बेस, ड्रम, गिटार सगळं आपोआप चालू होतं. यंत्रातल्या बेसला कमी लेखण्याचंही कारण नाही. मुंबईचे चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांत गिटार आणि बेस वाजवणारे कलाकार. त्यांनी 1982 मध्ये रोलंडच्या टीबी-303 या बेस वाजवणाऱ्या यंत्रावर दहा रागांची तबकडी केली. तेव्हा ती फारशी कोणी ऐकली नाही. 2010 मध्ये पुन्हा निघाली तेव्हा जगभरातल्या श्रोत्यांनी कान टवकारले. पण त्या यंत्रामागे राग जाणणारा, आयुष्यभर तार वाजवलेला माणूस बसला होता. मांडवातल्या ‘स्टाईल’मागे तसा कोणी नसतो. गायिका रोडालीची ओळ मनाला येईल तितकी लांबवते, तेव्हा यंत्र पुढच्या मात्रेवर निघून गेलेलं असतं आणि तिला धावत गाठावं लागतं. बेसवाला थांबतो. त्याची बिदागी या थांबण्यासाठी आहे.

राहुल देव बर्मन यांच्या ताफ्यात टोनी वाझ बेस वाजवत. त्या काळातली गाणी आजही मांडवात वाजतात, आणि त्यातल्या अनेकांचा नाच बेसच्या चालीवर तोललेला आहे. मुंबईत 1996 मध्ये जन्मलेली मोहिनी डे लहानपणीच वडिलांकडून बेस शिकली आणि आज जगभरच्या मंचांवर वाजवते. नंदुरबारच्या मुलीच्या हातात बेस का नसावा, याला एकही पटणारं कारण सापडत नाही.

खोक्यांच्या बेसचं एक गंभीर अंगही इथंच मांडलं पाहिजे. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपकाला मनाई आहे. पण ही मोजणी ‘ए’ मापानं होते. माणसाच्या कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात, म्हणून हे माप ते आधीच वजा करतं. 50 कंपनांच्या आवाजातून सुमारे 30 डेसिबल उणे होतात. 100 डेसिबलचा दणका मीटरवर 70 दिसतो. पत्रे हलतात, भांडी वाजतात, पाळण्यातलं लेकरू दचकतं, आणि यंत्रावरचा आकडा त्या मानानं सौम्य राहतो. नियमाची ही फट बुजवायला खालच्या सुरांना पकडणारं ‘सी’ माप आहे, मिरवणुकांच्या मोजणीत तेही वापरावं. पण त्याआधी गावानं स्वतःला विचारावं, की पंचवीस-तीस हजार रुपये खोक्यांच्या भिंतीला मोजायचे की त्यातले दोन-तीन हजार एका वादकाला देऊन भिंत निम्मी करायची. लहान साऊंडवर नेमका वाजवलेला बेस पन्नास-शंभर माणसांची रांग आरामात नाचवतो.

सुरुवात महाविद्यालयांतून करता येईल. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या युवारंग या युवा महोत्सवात जळगाव, धुळे, नंदुरबारची मुलं उतरतात. युवा महोत्सवांत समूहगीताला साथीदार मोजकेच घेता येतात, आणि ती जागा पेटी, कीबोर्ड आणि ताल आधीच अडवतात. लोकवाद्यवृंदात ढोल आणि पावरी असतात, त्यांचं तिथं असणं योग्यच आहे. बेसला मात्र सरावाचीही जागा मिळत नाही. एका महाविद्यालयाच्या सांस्कृतिक विभागानं साधा चार तारांचा बेस, एक डीआय बॉक्स आणि सरावापुरता छोटा अँप घेतला तर खर्च साधारण तीस-चाळीस हजारांत बसतो. स्नेहसंमेलनाच्या एका रात्रीच्या साऊंडभाड्याशी हा आकडा ताडून पाहावा. वाद्य कपाटात न ठेवता ग्रंथालयातल्या पुस्तकासारखं मुलांच्या नावावर आठवडाभर घरी द्यावं. सारंगखेड्याच्या यात्रेत दत्तजयंतीच्या दिवसांत मंच उभा राहतो, तिथं ढोल आणि बेस एकत्र वाजवणाऱ्या स्थानिक मुलांना एक तास द्यायला काहीच हरकत नाही. अर्ज यंदाच्या पावसाळ्यातच करावा लागेल, म्हणजे डिसेंबरपर्यंत चार महिने सराव हातात राहतो.